नांदेडच्या डोळ्यांचे 516 फोटो

सकाळी 6

लातूरला पहाटे नेट मोकळं असतं, म्हणून जड फाइली उतरवायचं काम मी चहाच्या आधीच लावून देते. मी इथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते आणि डोळ्याच्या पडद्याचे फोटो संगणकाला वाचायला शिकवणं हा माझा संशोधनाचा विषय आहे. यंदाच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी आज 'इड्रिड' पुन्हा उतरवायचा आहे. पूर्ण नाव 'इंडियन डायबेटिक रेटिनोपॅथी इमेज डेटासेट'. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर जे बिघाड होतात, त्यांच्या 516 फोटोंचा हा संग्रह. मोफत खातं उघडायचं आणि उतरवून घ्यायचा. पैसे लागत नाहीत, ओळख लागत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना आहे, त्यामुळे वापरणाऱ्याने मूळ संशोधकांना श्रेय द्यावं एवढीच अट.

हे सगळे फोटो नांदेडच्या एका नेत्रचिकित्सालयात काढलेले आहेत. तिथे वर्षानुवर्षं साठलेल्या हजारो तपासण्यांमधून ते निवडले गेले. निवड, मांडणी आणि खुणा करण्याचं काम नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेत झालं. प्रसन्न पोरवाल, प्रा. मनेश कोकरे, त्यांचे सहकारी आणि नांदेडचे नेत्रतज्ज्ञ यांनी मिळून ते केलं आणि 2018 साली त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आज या विषयावर काम करणारा कुठल्याही देशातला विद्यार्थी हा संग्रह ओळखतो. नांदेड-लातूरकडच्या किती लोकांना तो माहीत आहे, असं मनात येतं तेव्हा वाईट वाटतं, आणि हे लिहायला बसण्याचं कारणही तेच.

सकाळी 9

आठवड्यातले काही दिवस मी लातूरच्या एका नेत्ररुग्णालयात बसते. तिथल्या डॉक्टर मॅडमच्या आणि नीतिमत्ता समितीच्या परवानगीने आम्ही आमचा एक छोटा संग्रह उभा करतोय. नऊच्या आधीच बाकं भरलेली असतात. औसा, निलंगा, रेणापूर, चाकूर. पहिली एसटी धरून निघालेली माणसं.

आज पहिल्या आल्या त्या साठीच्या एक मावशी.

"मावशी, शुगर कधीपासून आहे?"

"झाले की दहा-बारा वर्षं. गोळी खायलेच की रोज."

"डोळ्याचा पडदा कधी तपासून घेतला होता?"

"पडदा कशाला? मोतीबिंदू झालाय म्हणून आलेय मी. लांबचं धुरकट दिसायलंय."

हे उत्तर इथे रोज ऐकू येतं. नजर कमी झाली की मोतीबिंदू, असं पक्कं गणित घरोघरी आहे. मोतीबिंदू बरा होतो, शस्त्रक्रियेनंतर माणूस पुन्हा पेपर वाचू लागतो. पडद्याचं तसं नाही. तिथली गेलेली नजर सहसा परत येत नाही; लेझर आणि इंजेक्शनने उरलेली राखता येते. आणि सुरुवातीला दुखत नाही, लाल होत नाही, दिसायलाही कमी येत नाही. भारतात मधुमेहाचे सुमारे 10.1 कोटी रुग्ण असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आला. त्याआधी 2015 ते 2019 या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकी 16.9 टक्क्यांच्या पडद्यावर बिघाड सापडला होता. इतक्या माणसांचे पडदे वर्षातून एकदा बघायचे तर तेवढे पडद्याचे डॉक्टर कुठून आणायचे? संगणकाला शिकवायची धडपड यासाठी आहे. डॉक्टरांची जागा घ्यायला नव्हे, तर रांगेतून कोणाला आधी आत पाठवायचं हे सांगायला.

बाहुली मोठी करणारे थेंब घालून मावशींना अर्धा तास डोळे मिटून बसवलं. मधल्या वेळात मी संमतिपत्र मोठ्याने वाचून दाखवते. ते मराठीत आहे, एका पानाचं आहे, आणि मी ते कधीही नुसतं सहीसाठी पुढे सरकवत नाही.

"माझा डोळा कुठं जाणार, ताई?"

"डोळा नाही, मावशी, आतल्या पडद्याचा फोटो. नाव जाणार नाही, गाव जाणार नाही. असे पुष्कळ फोटो बघून संगणक शिकतो, मग जिथं डोळ्याचा डॉक्टर नाही तिथंसुद्धा तपासणी करता येते."

"मग जाऊ द्या की. आमच्याकडं तर कोणीच येत नाही बघायला."

त्यांच्यामागच्या एका मामांनी मात्र "मला नको" म्हटलं. त्यांचं म्हणणं तिथेच संपलं. त्यांची तपासणी इतरांसारखीच झाली, फोटो त्यांच्या फाइलीत राहिला.

सकाळी 10

कॅमेऱ्यापाशी आमचा तंत्रज्ञ मुलगा उभा असतो. "हनुवटी इथं टेकवा. कपाळ पट्टीला लावा. आतल्या दिव्याकडं बघा, हलू नका." चमक होते, मावशी दचकतात, आणि संगणकाच्या पडद्यावर मोठा नारिंगी गोल उमटतो. एका बाजूला पिवळसर, उजळ चकती. मेंदूकडे जाणारी नस तिथून निघते. तिच्यातून फुटलेल्या लाल रक्तवाहिन्या वर-खाली कमानीसारख्या पसरलेल्या. चकतीपासून थोड्या अंतरावर गडद डाग; नीट, बारीक बघण्याची सगळी ताकद त्या जागेत.

मावशींच्या उजव्या डोळ्यात त्या गडद डागाच्या जवळच मेणाचे थेंब सांडल्यासारखे पिवळे ठिपके होते. रक्तवाहिन्यांतून झिरपलेली चरबी तिथे साचलेली असते. हे ठिपके मध्यबिंदूपासून किती लांब आहेत यावर धोका ठरतो. चकतीच्या रुंदीएवढ्या अंतराच्या आत असतील तर धोका मोठा, बाहेर असतील तर कमी. इड्रिडमध्ये प्रत्येक फोटोला ही श्रेणी दिलेली आहे: 222 फोटोंत धोका नाही, 51 मध्ये कमी, 243 मध्ये मोठा. मॅडमनी मावशींना जागेवरच पुढच्या तपासणीसाठी थांबवून घेतलं. सोबत आलेल्या मुलाला हाक मारून बसवलं आणि फोटो दाखवून सगळं समजावलं. नुसतं सांगून जे पटत नाही ते फोटो बघून पटतं, हा इथला नेहमीचा अनुभव आहे.

फोटो संग्रहात जाण्याआधीचं काम कंटाळवाणं, पण सगळ्यात जोखमीचं. कोपऱ्यात छापलं जाणारं नाव, वय, तारीख कापून टाकायची. फाइलीच्या नावात आडनाव असेल तर ते काढायचं. फाइलीच्या पोटात कॅमेऱ्याने दडवून लिहिलेली माहिती पुसायची. एकाच माणसाच्या दोन्ही डोळ्यांना एकच क्रमांक द्यायचा, कारण डावा डोळा शिकवणीला आणि उजवा परीक्षेला गेला तर संगणकाला प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली असते. वैद्यकीय संशोधन परिषदेने 2023 साली आरोग्यातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती छापून आमच्या टेबलाशी लावलेली आहेत.

दुपारी 12

लातूर–नांदेड एसटी. खिडकीची जागा मिळाली. चाकूर, अहमदपूर, लोहा. साडेतीन तास तरी धरायचे. मांडीवर लॅपटॉप नीट उघडता येत नाही, म्हणून हा वेळ वहीचा. विद्यार्थ्यांसाठी या संग्रहांचा इतिहास थोडक्यात लिहून द्यायचा आहे.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2004 साली 'ड्राइव्ह' नावाचा संग्रह खुला केला. फोटो फक्त 40, आणि त्यातल्या 33 मध्ये मधुमेहाची काही खूणही नाही. पण प्रत्येक फोटोत रक्तवाहिनी कुठे आहे ते माणसाने हाताने रेखून ठेवलेलं. त्या 40 फोटोंवर जगातल्या किती संशोधकांचे प्रबंध उभे आहेत! मग फ्रान्सचा 'मेसिडॉर', 1200 फोटोंचा. 2015 साली अमेरिकेतल्या 'आयपॅक्स' या नेत्रतपासणी उपक्रमाचे फोटो 'कॅगल' या संकेतस्थळावरच्या स्पर्धेत आले, शिकवणीसाठीच 35,126. पुढच्याच वर्षी गूगलच्या संशोधकांनी डोळ्याचा पडदा वाचणाऱ्या संगणकाचा गाजलेला निबंध लिहिला, तेव्हा पारख करायला एक फ्रेंच संग्रहही वापरला होता. तमिळनाडूच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे 3662 फोटो 2019 च्या स्पर्धेत शिकवणीसाठी खुले झाले. डोळ्यांपुरतंच हे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 2017 साली छातीचे 1,12,120 एक्स-रे मोफत दिले.

या यादीत इड्रिडचं वेगळेपण दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे डोळे आपले आहेत. पडद्याचा रंग माणसागणिक आणि वंशागणिक गडद-फिका असतो. फिक्या पडद्यांवर शिकलेला संगणक आपल्याकडच्या गडद पडद्यावर अडखळू शकतो. दुसरं म्हणजे त्यातल्या 81 फोटोंवर एकेक बिघाड अगदी पिक्सेलच्या पातळीवर रेखलेला आहे. आयपॅक्समध्ये फोटो पुष्कळ, पण प्रत्येकाला मिळालाय तीव्रतेचा एक आकडा, शून्य ते चार. बिघाड नेमका कुठे आहे हे तो आकडा सांगत नाही. नांदेडच्या गटाने ते 'कुठे' सांगितलं. मोठ्या संख्येने दिपून जाणाऱ्यांना मी नेहमी हेच सांगते: नीट खुणा केलेले 81 फोटो अर्धवट लेबलांच्या हजारांपेक्षा जास्त शिकवू शकतात.

एप्रिल 2018 मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या, वैद्यकीय प्रतिमांवरच्या 'आयएसबीआय' परिषदेत याच फोटोंवर स्पर्धा झाली. विष्णुपुरीत केलेल्या खुणांवर जगभरच्या गटांनी आपापले प्रोग्रॅम घासून बघितले आणि त्याचा एकत्रित निबंध 2020 साली आला. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी हेच लिहीत होते. हे मुलांना वाचून दाखवीन तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटेल ते मला आत्ताच दिसतंय. गावाचं नाव अशा कामाने मोठं झालेलं मला फार आवडतं.

दुपारी 4

विष्णुपुरी. गोदावरीवरचा प्रकल्प, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ, अभियांत्रिकी संस्था, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सगळं एकाच भागात. डॉक्टर आणि अभियंता चहाच्या एका टपरीवर भेटू शकतील एवढं जवळ. असं काम मोठ्या शहराऐवजी इथे झालं, त्याला ही जवळीकही कारणीभूत असावी.

आमच्या फोटोंवर खुणा करून देणारे पडद्याचे डॉक्टर नांदेडचेच. दवाखाना आवरून ते येतात, चष्मा पुसतात आणि बसतात. मी शेजारी बसून त्यांनी सांगितलेली बाह्यरेषा पेनने ओढते.

"हे काय वाटतंय तुम्हाला?" ते मलाच विचारतात.

"सूक्ष्म फुगवटा, सर. गोल आहे, कडा स्वच्छ आहे."

"वाहिनी कुठून चाललीय ते बघा आधी. दोन वाहिन्या एकमेकींवरून गेल्यात, त्याचा ठिपका आहे हा. सोडा. त्याच्या खालचा घ्या."

खालचा मला दिसलाही नव्हता. फोटो तिप्पट मोठा केला तेव्हा दिसला. केशवाहिनीची भिंत कमजोर होऊन आलेला इवलासा लाल फुगवटा. मधुमेहाची पडद्यावरची पहिली खूण. तो रेखायला आम्हाला मिनिटभर लागलं. मग त्याच्या शेजारचा, मग पुढचा. पसरलेल्या कडांचे रक्तस्राव, पिवळे ठिपके, आणि रक्तपुरवठा तुटल्यामुळे उमटणारे कापसासारखे पांढुरके डाग, प्रत्येकाचा वेगळा थर. इड्रिडच्या 81 फोटोंपैकी फुगवटे सगळ्यांत रेखलेले आहेत, रक्तस्राव 80 मध्ये, पांढुरके डाग 40 मध्ये. हे आकडे निबंधाच्या एका तक्त्यात असतात आणि वाचणारा पुढे जातो. शेजारी बसून ओढलेली एकेक रेषा ज्याने बघितली, त्याला तो तक्ता नुसता ओलांडता येत नाही.

एका ठिपक्यावर सर बराच वेळ थांबले. "ही भिंगावरची धूळ असेल. याच माणसाच्या दुसऱ्या डोळ्याचा फोटो काढा." काढला. त्याच जागी तोच ठिपका. धूळच होती. लातूरला फोन करून कॅमेऱ्याचं भिंग पुसायला सांगितलं.

उठताना सरांनी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या माहितीतल्या एका दवाखान्यात अनेक वर्षांचे पडद्याचे फोटो होते. संगणक बदलला, जुना विकला, प्रत कोणी काढलीच नाही. दुर्मीळ आजारांचेही फोटो त्यात होते. हे ऐकून मला हळहळ वाटली. दुर्मीळ आजाराचा फोटो पुन्हा कधी मिळेल याची काही शाश्वती नसते. विष्णुपुरीच्याच गटाने 2021 साली आणलेल्या 'आरएफएमआयडी' या दुसऱ्या संग्रहात 3200 फोटो आणि 46 प्रकारचे आजार व बिघाड आहेत. तीन वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी काढलेले, दोन ज्येष्ठ तज्ज्ञांनी तपासलेले. तरी ज्यांचे दहासुद्धा फोटो मिळाले नाहीत असे आजार त्यावरच्या स्पर्धेसाठी 'इतर' या एकाच खान्यात घालावे लागले. विकलेल्या संगणकातले फोटो त्या खान्यातल्या एखाद्या आजाराच्या कामी आले असते.

संध्याकाळी 7

मुक्काम नांदेडला, बहिणीकडे. जेवणाआधी विद्यार्थ्यांशी व्हिडिओवर बोलणं. एक मुलगा आनंदात होता. त्याचा प्रोग्रॅम भराभर चालत होता. बघितलं तर त्याने फोटो आखडून 512 पिक्सेल रुंदीचे केले होते. मूळ फोटो 4288 बाय 2848 पिक्सेलचा. म्हणजे आठपटीहून जास्त आखडला. मूळ फोटोत पंधरा-वीस पिक्सेलचा असलेला फुगवटा त्यात जेमतेम दोन पिक्सेलचा उरतो, आणि कधी पुसलाच जातो. ज्यासाठी सगळा खटाटोप, तेच गेलं. फोटोचे तुकडे पाडून मूळ आकारातच शिकवायला सांगितलं. वेळ जास्त लागेल, लागू दे.

दुसरी गोष्ट सगळ्यांना वहीत लिहून घ्यायला लावली. इड्रिडच्या 516 फोटोंत बिघाड नसलेले 168, सौम्य 25, मध्यम 168, तीव्र 93 आणि शेवटच्या टप्प्याचे 62. त्यातले 413 शिकवायला, 103 परीक्षेला. परीक्षेच्या 103 मध्ये सौम्य फक्त 5. म्हणजे 'सौम्य' हे उत्तर आयुष्यात कधीच न देणारा प्रोग्रॅम बाकी सगळं बरोबर सांगून 103 पैकी 98 गुण घेऊ शकतो. पंचाण्णव टक्के! आणि नेमका तोच रुग्ण सुटतो, ज्याला शुगर आवरा, वर्षाने पुन्हा दाखवा, एवढं सांगून पुढचं टाळता आलं असतं.

मग एका मुलीने विचारलं, "मॅडम, आपल्या गावच्या शिबिरात तर बहुतेकांचे डोळे चांगलेच असतात. इथं तर दोन तृतीयांश फोटो आजारी डोळ्यांचे आहेत." प्रश्न अगदी बरोबर. दवाखान्यात त्रास झालेला माणूस येतो, शिबिरात सगळे येतात. दवाखान्याच्या फोटोंवर शिकलेला प्रोग्रॅम शिबिरात धडधाकट माणसालाही आजारी ठरवू शकतो. शिवाय इड्रिडचे सगळे फोटो एकाच कोवा कॅमेऱ्याचे. दुसऱ्या कॅमेऱ्याचा रंग वेगळा. म्हणून शिबिरातले, दुसऱ्या कॅमेऱ्यांचे, चांगल्या डोळ्यांचेही फोटो हवेत. नांदेडच्या गटाने पाया घातला, भिंती उभ्या करणं आमचं काम आहे, असं मी तिला सांगितलं. पुढच्या शिबिराची जबाबदारी तिने स्वतःहून घेतली.

रात्री 10

दिवसाचं शेवटचं काम टिपणं. आज घेतलेल्या प्रत्येक फोटोपुढे कॅमेरा, थेंब घातले की नाही, खुणा कोणी केल्या, कुठे मतभेद झाले, सगळं लिहायचं. धुळीचा ठिपकाही लिहिला. फोटो मोफत देणं सोपं आहे; सोबत ही टिपणं दिली नाहीत तर घेणाऱ्याला त्याचा भरवसा धरता येत नाही. इड्रिडचा शोधनिबंध मुलांना मी पहिल्याच आठवड्यात वाचायला देते तो यासाठी. कॅमेरा कोणता, डोळा आणि भिंग यांत किती अंतर, थेंब कोणते, सगळं त्यात आहे.

लातूर-नांदेडच्या आणि आसपासच्या नेत्रतज्ज्ञांना माझी विनंती आहे. तुमच्या संगणकात पडून असलेले पडद्याचे फोटो पुसू नका, विकू नका. आज त्यांची एक प्रत काढून सुरक्षित ठेवा. यापुढच्या रुग्णांना मराठीत, नीट समजावून संमती विचारा. मग जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला फोन करा. नावं काढून खुणा करायला विद्यार्थी आनंदाने येतील. आणि हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांना शुगर आहे, किंवा ज्यांच्या घरात कुणाला आहे, त्यांनी नजर चांगली असली तरी वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासून घ्या.